कूस

दिराचा पलंग रिकामा होता.

वहिनी दारातच थिजली. उशीला डोक्याचा खळगा तसाच होता. शेजारी रक्त खेचणारं मशीन तयार होतं आणि नर्स कपाळाला हात लावून उभी होती.

"आत्ता तर इथेच होते हो!"

वरच्या मजल्यावर काचेआड तिचा नवरा पडला होता. जालीम औषधांनी त्याच्या हाडांमधली आजारी मज्जा पार जाळून टाकली होती. आता मागे फिरायची सोय नव्हती. नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी धाकट्या भावाकडून मिळाल्या नाहीत, तर सगळं संपलं.

त्या पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून दीर रोज इंजेक्शन घेत होता. कंबर ठणकायची, बरगड्या ठणकायच्या. "आत कुणीतरी हातोडा घेऊन बसलंय," म्हणायचा. तरी पेशी पुरेशा उतरेनात. काल डॉक्टरांनी दुसरं औषध टोचलं. "मज्जेला चिकटून बसल्यात. हे सोडवेल त्यांना," म्हणाले. आज सकाळच्या तपासणीत पेशी भरपूर होत्या. आणि नेमका हाच गायब.

पळाला. का नाही पळणार? छापखान्याची वाटणी झाल्यापासून दोघं भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मध्ये एक भिंत पुरली नव्हती. दोघांनी आपापली घातली होती.

ती जिन्यात धावली. कॅन्टीन पाहिलं, फाटकावरच्या वॉचमनला विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. आता डॉक्टरांना कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारात ती वर आली.

दीर काचेपाशी उभा होता. वाकलेला, एक हात कमरेवर.

"भाऊजी! जीव गेला होता माझा!"

"दादाला बघायला आलो होतो."

"मग?"

"मला पाहिलं आणि पाठ फिरवली त्यानं."

आता हा जाणार. "भाऊजी, त्यांच्या वतीनं मी हात जोडते..."

"अहो वहिनी, हात कसले जोडता? आत बघा की!"

तिनं पाहिलं. कालपर्यंत दोन नर्सनी धरल्याशिवाय ज्याला कूसही बदलता येत नव्हती, तो तिचा नवरा आपला आपण वळून, भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"जोर आहे अजून गड्यात," दीर डोळे पुसत म्हणाला. "चला, मशीन लावायला सांगा."