पंख्याखालचा सुरुंग

शारिक पाण्याबाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात सुरुंगाची तार होती आणि दुसऱ्या हातात तांब्याचा बदना, नमाजाआधी हातपाय धुवायचं, वजूचं तोटीचं भांडं.

परेशने तार घेतली. बदन्याकडे पाहिलंही नाही. खाली दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं मालवाहू जहाज होतं आणि ते पाण्यात पुढे ढकलणाऱ्या त्याच्या पितळी पंख्यावर या भंगारवाल्याचा डोळा होता. हे जहाज जपायचं ठरलंय, कुणी हात लावू नका, असं सर्वेक्षणवाले दिघी बंदरावर सांगून गेले, तेव्हापासून त्याला घाई झाली होती.

नुरुद्दीन सुकाणूपाशी होता. होडी त्याची, बुडी मारणारा भाचाही त्याचाच. तुटेल ते लोखंडच, अशी त्याने निघताना मनाची समजूत घातली होती.

"मामू," शारिक दम घेत म्हणाला, "खलाशांच्या खोलीत गावला. आत हाडं हायेत. आपलीच मानसं असतील."

नुरुद्दीनने बदना हातात घेऊन पाहिला. मग परेशला म्हणाला, परत फिरू. इतक्या वर्षांत त्यांना विचारायला कुणी आलं नाही, आता कोण येतंय, असं म्हणत परेशने बॅटरी पुढे ओढली. तिच्या तारेचं टोक सुरुंगाच्या तारेला भिडवलं की काम होणार होतं. त्याने होडी लांब घ्यायला सांगितली.

नुरुद्दीनने इंजिन सुरू केलं नाही. अंगातला सदरा काढला, बदना त्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि तो पाण्यात उतरला. हात मारत बरोबर पंख्याच्या वर गेला आणि उताणा होऊन तरंगत राहिला.

"नुरुद्दीनभाई, वर या. मस्करी नको."

"लाव तार," नुरुद्दीन म्हणाला.

परेश तार लावणार नाही, याची त्याला मुळीच खात्री नव्हती. एवढ्यात मागे पाणी उडालं. शारिकही उतरला होता. परत जा, असं नुरुद्दीनने दोनदा सांगितलं. शारिक तरीही त्याच्या शेजारी येऊन थांबला.

दोघांनी होडीकडे पाहिलं. भरतीच्या लाटांवर ती डुचमळत होती आणि परेश तिच्यात एकटाच उभा होता. त्याच्या दोन हातांत दोन तारा होत्या. त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून त्याने दोन्ही हात जातील तितके लांब पसरले होते.