करडी पोरं

मनस्वी पनवेलच्या खाडीवर रोहित पक्षी मोजत होती. सासूबाई मागं बांधावर बसल्या होत्या. लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात मूल नाही, हा विषय त्या कशावरूनही काढू शकत.

"जल्म मिठागरावर गेला माझा. दरसाल यांच्यात करडी पोरं असतात. यंदा एक पन नाय!" म्हणत त्यांनी सुनेकडं बघितलं.

मनस्वीनं दुर्बीण डोळ्यांवरच ठेवली. "आई, तिकडं कच्छात पाणी बेताचं असेल, खायला भरपूर असेल आणि आसपास वर्दळ नसेल, तरच ते अंडी घालतात. नाहीतर ते वर्ष सरळ सोडून देतात. त्यांना कुणी विचारतही नाही."

मनस्वी गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर चौघांच्या त्या एका खोलीच्या घराच्या दारात दोन पिशव्या भरून तयार.

"कामोठ्याला लेकीकडं चालले दोन महिने. तुझ्या सासऱ्याला पन नेते," सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "वर्दळ मिटली. फ्रीजमध्ये कोलंबीचं कालवण हाय, खायची ददात नाय. आता पान्याचं तेवढं तुमी बघा."