बाहेरचं खाणं आत आणू नये

"बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही," म्हणत रखवालदाराने बद्रीनाथच्या पिशवीतून भाकरी-चटणीचं गाठोडं काढून घेतलं. पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला कोयता होता. तिथवर काही त्या शहाण्याचा हात गेला नाही.

आत आल्यावर बद्रीनाथने त्याला पोटभर शिव्या घातल्या. भाकरी गेली म्हणजे सगळा बेतच बिघडला.

गंगापूर रस्त्यावरच्या या पाण्याच्या रिसॉर्टात एकट्या पुरुषाला घेत नसत, म्हणून त्याने बायकोला, सरूबाईला, बरोबर आणलं होतं. फुलंब्रीत भावकीने तोंडात बोटं घातली. ज्या माणसाने उभ्या जन्मात बायकोला वेरूळ दाखवलं नाही, तो दोन दिवस खोली घेऊन घसरगुंड्या बघायला निघाला! पण पोराच्या दुःखातून सावरतोय तर सावरू द्या, म्हणून कुणी टोकलं नाही.

पोराचं नाव सोपान. लग्नाच्या वरातीत नाचण्यावरून बाचाबाची झाली आणि गावच्याच रामकिसनने त्याच्या डोक्यात लोखंडी गज घातला. पोरगं पडल्यावरही घालत राहिला. बद्रीनाथ धावत पोचला तेव्हा तोंड ओळखू येत नव्हतं; पायातल्या नव्या बुटांवरून बापाने पोरगं ओळखलं. सगळी वरात तिथे उभी होती. कोर्टात मात्र एकालाही काही दिसलेलं नव्हतं. रामकिसन सुटला, शहरात आला, आणि आता या रिसॉर्टातल्या जेवणाच्या हॉलचा ठेका त्याच्याकडे होता.

कोयत्याचं बद्रीनाथने सरूबाईला सांगितलं नव्हतं. तो रोज गोठ्यात बसून धार लावायचा, तेव्हा तिनेही विचारलं नव्हतं.

"आता खायचं कुठं?" दुपारी भूक लागली तेव्हा तो चिडून म्हणाला.

"पोटाला काय तरी लागंलच की," सरूबाई म्हणाली. "त्यो बघा हॉल. लई पंचपक्वान्नं दिसत्यात."

"त्या हॉलातलं पाणीबी प्यायचं नाय!"

कारण एवढंच होतं की बद्रीनाथच्या बापाने त्याच्या हाडीमाशी एक गोष्ट भिनवली होती. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर हात उचलायचा नाही. बापाने स्वतः एक हाडवैरी हातात सापडलेला असताना त्याला सोडून दिलं होतं, कारण उन्हात चक्कर आली तेव्हा त्याच्या विहिरीवर नकळत कांदा-भाकर खाल्ली होती. गाव हसलं, पण बाप हटला नाही. बद्रीनाथही त्याच मातीचा. म्हणून तर त्याने घरची भाकर बांधून आणली होती.

घसरगुंडीपाशी चायनीजची गाडी होती. त्या लाल नूडल्स बघून तो मागे फिरला. त्या लालीत त्याला भलतंच काही दिसलं.

"तिकडं झोपडी हाय बगा," सरूबाई म्हणाली. "चुलीवरचं पिठलं-भाकर. सकाळी पाणी आणाया गेले तवा बघून आले."

झोपडी हॉलच्या समोर होती, पण वेगळी होती. बद्रीनाथला जागा पटली. इथून सावज दिसत होतं. पांढऱ्या शर्टातला रामकिसन हॉलच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून नमस्कार करत होता. चांगला गुबगुबीत झाला होता. त्याची मान बघून बद्रीनाथचे हात शिवशिवले. पहिला घाव मानेवर. पडला की तोंडावर, ओळखू येईनासं होईपर्यंत.

चुलीपाशी आवडाबाई नावाची बाई भाकरी थापत होती. तिने दोन ताटं मांडली. सरूबाईने घरच्यासारखं आधी नवऱ्याला वाढायला घेतलं. "अजून एक घ्या," "ठेचा घ्या," म्हणत ती त्याच्या ताटाकडे बघत राहिली. माणूस मरणाच्या दारात असला तरी भूक काही सुटत नाही. बद्रीनाथने तीन भाकरी चेपल्या, वर ताक प्यायला.

मग त्याने पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात सरूबाईने विचारलं, "आवडाबाई, ही झोपडी कोणाची म्हणलात सकाळी?"

"रामकिसनदादाची. हॉल बी त्यांचा, झोपडी बी त्यांचीच. मीठ-मिरची समदं त्यांच्याच कोठीतनं येतं."

बद्रीनाथचा पिशवीवरचा हात तिथेच थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिची नजर ढळली नाही.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्याने तिचं मनगट असं पिळलं की काकण फुटून आत घुसलं. रक्ताचे थेंब ताटात पडले.

"सोपान्या तुझा बी व्हता ना गं!" तो दातओठ खात म्हणाला. "त्या हरामखोराला वाचवलंस तू! कशापायी?"

"आपल्या आशाचं लगीन व्हायचं हाय. कन्यादानाला बाप लागतो. तुमी फासावर गेलात तर त्या पोरीनं कोणाकडं बघायचं?"

त्याने हात सोडला. पिशवी बाजूला सारली. बद्रीनाथ माणसांदेखत ढसाढसा रडला. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. आता त्याला कुणाला मारायचं नव्हतं. समोर रामकिसन कुणाच्या तरी लेकराला गुलाबजाम भरवत होता. बद्रीनाथने मान फिरवली.

आवडाबाई बिचारी कावरीबावरी झाली. विषय बदलावा म्हणून तिने दुसरं ताट पुढे सरकवलं.

"मावशी, मालकांना वाढता वाढता तुमी काईच खाल्लं नाय. बसा की, गरम भाकर टाकते."

"नको माय," सरूबाई म्हणाली. रक्ताळलेला हात तिने पदराला पुसला, पिशवी उचलली आणि हॉलकडे चालू लागली. "मला त्याचं मीठ नाय खायाचं."