उतरवलेलं लाकूड

नातवाचं लग्न ठरलं त्या वर्षी सुताराने खालच्या खोलीत शिडी लावली, तुळईच्या टोकात पटाशी खुपसली आणि मान हलवली.

"गेली. आत पार भुसा झालाय. तुळई बदला, वरच्या कड्याही बदला. आधी वरची खोली रिकामी करावी लागेल."

वरच्या खोलीत म्हातारी राहायची. मजला तिच्या नवऱ्याने घातलेला. ही तुळई चिरताना मोठ्या करवतीचं दुसरं टोक तिनेच ओढलं होतं, मुलगा पोटात असताना. मरायचं ते याच खोलीत, असं तिने घरात बजावून ठेवलं होतं.

मुलगा वर आला. "आई, काम होईपर्यंत खाली चल."

"आणि झाल्यावर?"

"परत वर. तुझी खोली कोण खातंय?"

"खाणाऱ्याला दात लागतात रे. गिळणाऱ्याला काय?"

बोलली, पण उतरली. मजला बसला आणि खाली राबणारी सून सापडली तर, या विचाराने तिचा डोळा लागेना. सून रोज ताट घेऊन जिना चढायची. म्हातारीला ती पोटच्या पोरापेक्षा जवळची होती.

टेकू लागले. फळ्या निघाल्या, कड्या निघाल्या. मग दोरांनी बांधून तुळई खाली घेतली. म्हातारी दारात खुर्ची टाकून बघत होती.

उतरवलेलं लाकूड सुताराचं, ही त्या धंद्याची जुनी रीत. किडकं असेल तर ते चुलीत जातं. हा मात्र गाडीत गोणपाट अंथरत होता आणि गड्यांवर ओरडत होता, "हळू! टवका उडाला तर याद राखा!"

म्हातारी काठी टेकत गाडीपाशी गेली. तिने तुळईवरून हात फिरवला. टोकाला वीतभर मऊ लागलं. पुढे नखसुद्धा रुतेना.

"काय हो, मढ्याला एवढ्या पायघड्या?"

सुताराने गोणपाट सारखं केलं. "आजी, तुमच्या मुलाने विचारलं, तेवढंच मी सांगितलं."

"काय विचारलं त्याने?"

"खोली रिकामी करायला काय कारण सांगता येईल, ते."

म्हातारी वळली. दारात मुलगा उभा होता. त्याच्यामागे सून होती. मुलगा काहीतरी बोलायला लागला. सुनेने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. म्हातारी मुलाकडे बघतही नव्हती.

नवा मजला झकास झाला. कितीही चाला, कुरकुर नाही. लग्न झालं, नातू आणि नातसून वर राहायला गेले. म्हातारीचा पलंग खालीच राहिला, आणि तिने वरच्या खोलीचं नाव काढलं नाही. सून ताट आणायची, म्हातारी जेवायची. दोघींत बोलणं उरलं नव्हतं.

वर्ष सरायच्या आत नातवाने नोकरीच्या गावी घर घेतलं आणि बायकोला घेऊन तो गेला. मुलगा आईच्या पलंगाशी आला.

"आई, खोली मोकळी झाली. चल, वर नेतो तुला."

"राहू दे. तुझ्या म्हातारपणाला ठेव."

म्हातारी त्याच थंडीत गेली, खालच्या खोलीत. वरची खोली तेव्हा रिकामी होती.