दुभाष्या

गोरे साहेब गेले, तेव्हा कचेरीतल्या म्हाताऱ्या दुभाष्याला वाटलं, आपली नोकरी गेलीच. पण नवा साहेब इथल्याच मातीतला असूनही गोऱ्यांचीच भाषा बोलायचा. एके दिवशी त्याची मावशी आली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. “बाळा, गोऱ्यांनी छावणीसाठी हिसकावलेलं आपलं शेत आता तरी परत दे रे,” ती म्हणाली. साहेबाने मान वर न करता दुभाष्याला परक्या भाषेत सांगितलं, “जमीन सरकारची आहे. हिला पुन्हा आत सोडू नका.” मावशी दुभाष्याच्या तोंडाकडे बघत होती. साहेब उठून आतल्या खोलीत गेल्यावर दुभाष्या म्हणाला, “साहेब म्हणतात, मावशी, उन्हातून आलीस, दमली असशील. शेताचं मी बघतो.” मावशीचे डोळे भरून आले. “भाषा विसरलं, पण माया नाही विसरलं माझं लेकरू!” तिला फाटकाबाहेर पोचवून दुभाष्याने पहारेकऱ्याला साहेबाचा हुकूम शब्दशः सांगितला.