शून्याचा दगड

“राजे आले, राजे गेले. भूकंप झाले. हा दगड मात्र तसूभरही हलला नाही,” गाईडबाई म्हणाल्या आणि टाळ्यांसाठी नेहमीएवढं थांबल्या.

टाळ्या पडल्या. पडणारच होत्या. चौकाच्या मधोमध छातीएवढ्या उंचीचा तो काळा दगड उभा होता, आणि देशातल्या सगळ्या जुन्या रस्त्यांचं अंतर त्याच्यापासून मोजलेलं होतं. त्याच्या अंगावर आकडा नव्हता, कारण मोजणी इथूनच सुरू व्हायची. बाईंनी उभी हयात त्याचं कौतुक सांगण्यात घालवली होती. सख्ख्या भावाचंही कुणी इतकं करत नाही.

गटाच्या मागे त्यांची सून उभी होती. बुटांना चिखल, काखेत हेल्मेट. ती पुरातत्त्व खात्यात होती आणि उन्हाळाभर नदीच्या जुन्या पात्रात खोदत होती. घरात सासू-सुनेचं मिठापासून पंख्याच्या वेगापर्यंत सगळ्यावरून वाजायचं. या दगडावरून मात्र कधीच नाही. दोघींचाही त्याच्यावर सारखाच जीव होता. म्हणूनच आज तिचा पाय पुढे पडत नव्हता.

गट फोटो काढायला पांगला, तशी ती जवळ आली.

“आई, उद्या सकाळी आमचं खातं पेपरवाल्यांना एक गोष्ट सांगणार आहे. त्याआधी तुमच्या कानावर घालायला आले.”

“अगं, मग घाल की. एवढी घाबरतेस कशाला?”

“दगड इथला नाही. त्याची बैठक आम्हाला खाली नदीच्या गाळात सापडली. खाचही तंतोतंत जुळते. तो तिथून उचलून इथे आणलाय.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गळ्यातला बिल्ला काढून सुनेपुढे धरला.

“म्हणजे आजवर मी लोकांना थापाच मारल्या. पुढचा गट तू घे. मला आता नाही जमायचं.”

पुढचा गट येऊन उभाही राहिला होता. वादात या बाईने कधी हार खाल्ली नव्हती, आणि अशी हरलेली ती सुनेला नकोच होती. ती घाईघाईने बोलू लागली.

“आई, पुरतं ऐका तरी. नदीने पात्र बदललं आणि जुनं गाव बुडालं. घरं होती तशी सापडली. चुलीवरची भांडी, धान्याचे रांजण, सगळं जागच्या जागी. नेला तो फक्त हा दगड. तोही एवढ्या चढावर, खांद्यावरून. ओढला असता तर कुठेतरी खरवडला असता, पण त्याला ओरखडासुद्धा नाही. आणि जुन्या रस्त्यांवरच्या मैलाच्या दगडांचे आकडे खोडून नवे कोरलेत, ती आम्ही पाथरवटाची चूक समजत होतो. चूक नाही ती. कुठे अंतर वाढवलंय, कुठे घटवलंय. हिशेब केला, तर सगळा फरक नदीपासून या चौकापर्यंतचा.”

“डोक्यावर छप्पर नाही, आणि माणसं रस्तोरस्ती आकडे बदलत हिंडली?”

“हो ना. कशासाठी, ते काही आम्हाला कळत नाहीये.”

बाई दगडाकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो असा पाहिला नव्हता. पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेचा हात हलकेच दाबला आणि त्या गटासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“गाव बुडालं तेव्हा लोकांनी सगळं सामान मागे टाकलं आणि हा दगड तेवढा उचलून आणला, रस्त्यांवरचे आकडेही त्याच्यापर्यंतचे नव्याने कोरले,” त्या म्हणाल्या. “कारण घरची कितीतरी माणसं तेव्हा परगावी होती, आणि त्यांना घर सापडायला हवं होतं.”