पटकथेबाहेरचे हसू

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४. सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. आदिवासी वस्तीतल्या पत्र्याच्या सभागृहात एकेचाळीस माणसे पडद्यासमोर बसली होती, आणि सेसिल बाहेर, पाण्याच्या टाकीखाली, सभागृहाकडे पाठ करून बसला होता. अंतर त्याने स्वतः ठरवले होते. इथवर संवाद पोहोचत नव्हते. हसणे पोहोचत होते.

पडद्यावर त्याची बायको होती. एप्रिलमध्ये ती गेली, त्या दिवसापासून तिचे नाव कोणी उच्चारले नव्हते. विषय निघालाच तर ‘कुमनजायी’ म्हणत, जसे गेलेल्या कोणालाही म्हणतात. घरातले फोटो उतरवले होते. तिचा चेहरा पाहायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, अशी शोकाची रीत. आणि टीव्हीच्या या विनोदी मालिकेत सहाही भागांत तीच होती! जगबुडीच्या धास्तीने जुन्या खाणीत डबाबंद अन्न साठवून बसलेल्या मंडळींची ती गोष्ट. लिहिणारे, अभिनय करणारे, कॅमेरा धरणारे बहुतेक सगळे आपलेच लोक. नवऱ्याने नाही म्हटले, तर तीन वर्षांचे काम कपाटात जाणार होते.

दिग्दर्शिका रोशेल दुपारीच डार्विन शहरातून आली होती. तिने सोबत आणलेला कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस सेसिलला मुळीच आवडला नाही.

“तो इस्त्रीवाला कोण?”

“चॅनेलचा माणूस, काका. ग्रेग.”

“तो हसणार?”

“विनोदी मालिका आहे, काका. नाही हसला तर माझं कसं व्हायचं?”

“कशाला हसतो ते मी ऐकणार आहे. पटकथेत जिथं हसू आहे तिथं खुशाल हसा. भलत्या जागी हसू आलं, तर तुम्ही तिला हसताय. मग माझं उत्तर नाही.”

पटकथा त्याला पाठ होती. बायकोला बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून गेल्या वर्षी सबंध हिवाळा स्वयंपाकघरात बसून बाकी सगळ्यांचे संवाद त्यानेच वाचले होते. तंत्रशाळेतून शिकून आल्यावर चाळीस वर्षे त्याने या मुलखातले बोअरचे पंप दुरुस्त केले. यंत्र कुठे बिघडले हे तो उघडण्याआधी, दांडा टेकवून, कानाने सांगे. सभागृहातली बनवाबनवीही अशीच कानाने पकडता येईल, याची त्याला खात्री होती.

पहिले हसू वेळेवर आले. खाणीतला म्हातारा ओरडतो, “जग संपणार!” आणि ती विचारते, “परत?” दुसरेही जागेवर आले, शिळ्या बिस्किटांपाशी. तिसऱ्यात एक जाड, रेकल्यासारखा आवाज मिसळला. इस्त्रीवाला. सेसिलने तो आवाज मनात नोंदवून ठेवला.

मग, पाठ पटकथेच्या हिशेबाने, हवा खेळवणारे यंत्र बंद पडण्याचा प्रसंग आला. पटकथेत तिथे फक्त अंधार होता आणि घाबरलेली माणसे. एकही संवाद नाही, विनोद नाही. सेसिलने मान कलती केली, एक डोळा मिटला. पायाशी बसलेले त्याचे कुत्रे गुरगुरले, तसे बोट वर करून त्याने त्याला गप्प केले.

सभागृह फुटले. पत्रे थरथरले. बाया किंचाळून हसत होत्या, कोणी बाकावर हात आपटत होते. हसू ओसरता ओसरता पुन्हा उसळले, आणि त्या सगळ्यावर तो रेकणारा आवाज.

सेसिल उठला. दाराशी गेला, पण आत पाहिले नाही. काठीने पत्र्यावर तीनदा ठोकले.

आत कोणीतरी घाईने पडद्यावर चादर टाकली. रोशेल बाहेर आली. तिच्या मागून अ‍ॅग्नेस आली. अ‍ॅग्नेस दुसऱ्या घराण्यातली, त्याची थट्टा करायचा हक्क असलेल्या नात्यातली. मालिकेत तीही होती. कांगारूच्या शेपटीच्या रश्श्याचा डाव अजून तिच्या हातात होता.

“यंत्र बंद पडतं तिथं विनोद नाही,” सेसिल म्हणाला. “मी वाचलंय. काय बघून हसलात? ती पडली? की तोंड वेडंवाकडं करायला लावलंत तिला?”

“कोणी लावलं नाही, काका. ते पटकथेत नव्हतंच. तिनं आपल्या मनानं केलं.”

“काय केलं?”

रोशेलने अ‍ॅग्नेसकडे पाहिले.

“सांग की गं,” अ‍ॅग्नेस म्हणाली. “की मी दाखवू या खडूसाला?”

तिने डावाचे टोक पत्र्याच्या भिंतीला टेकवले आणि दांडा कानाशी धरला. मान कलती केली, एक डोळा मिटला. मग साऱ्या जगाने गप्प बसावे अशा थाटात एक बोट वर केले.

दारात जमलेली माणसे पुन्हा हसू लागली.

“या मुलखात असा एक पंप दाखव,” अ‍ॅग्नेस म्हणाली, “ज्याच्यापुढं तू असा उभा राहिला नाहीस. तिला कोण हसतंय, म्हाताऱ्या? तुला हसतोय आम्ही.”

सेसिलचे बोट कुत्र्याला दटावल्यापासून वरच होते. त्याने ते खाली घेतले.

“आणि त्या इस्त्रीवाल्याला काय कळलं?”

“काही नाही. आम्ही हसलो म्हणून तोही हसला.”



“तेवढा तुकडा कापू का, काका?” रोशेलने हळूच विचारले.

“दांडा तिनं कानाच्या भोकाला लावला होता, की मागच्या हाडाला?”

“हाडाला.”

“मग बरोबर केलं.” तो टाकीकडे वळला. “मी बघणार नाही. तुम्ही बघा. शेवटी कलाकारांची नावं येतात त्या पाटीवर तिच्या नावाच्या जागी कुमनजायी लिहा. आणि ती चादर काढा, माणसं खोळंबलीत.”

पुन्हा पाठ करून बसताना त्याने खुर्ची सभागृहाच्या थोडी जवळ ओढली.

मंजूर भाग : सहा. कापलेली दृश्ये : शून्य.